डावीकडची पायरी

त्या रविवारी दुपारी बाबा एकाच पायरीवरून सात वेळा पडले. खरे पडले नाहीत. ते आमच्या बाहेरच्या खोलीत मधोमध उभे होते, अनवाणी, डोळ्यांवर हेडसेट, कानांवर त्याचेच जाड गोल कान, दोन्ही हातांत खेळाची बटणं असलेली एकेक मूठ. सोफा भिंतीला सरकवला होता, टीपॉय स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं होतं आणि आई त्याला अडखळून एकदा करवादलीही होती. बाबा जे बघत होते ते मला टेबलावरच्या लॅपटॉपवर दिसत होतं. काळोख, काळोखात तरंगणाऱ्या दगडी पायऱ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि खाली नजर पोचणार नाही इतकी खोली. ढोलाचा खोल ठोका पडला की डावीकडची पायरी उगवते, वरचा सूर लागला की उजवीकडची. उगवते, एका ठोक्यापुरती राहते, विरून जाते. तेवढ्यात त्या त्या हाताने ती धरायची आणि स्वतःला वर ओढायचं. एक हुकली की थेट तळाला, पुन्हा पहिल्यापासून. खेळ आमच्याच ऑफिसात तयार होत होता. त्याला अजून नाव नव्हतं, आम्ही त्याला नुसतं ‘जिना’ म्हणायचो. नऊ मजले. नवव्यावर ऑफिसातलीही दोनच माणसं पोचली होती, त्यातली एक मी. बाबा दुसऱ्या मजल्यावर होते. पहिल्या दहा पायऱ्या थोडीफार चूक माफ करतात, अकरावीपासून जिना कडक होतो. अकरावी डावीकडची होती, आणि बाबांचा हात तिथे पोचेपर्यंत ती गेलेली असायची.

“हा मजला चुकतोय गं,” सातव्यांदा पडल्यावर ते म्हणाले. बाबांनी छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. जे जे वर जातं ते त्यांच्या लेखी मजल्यांनीच जायचं. “चांगली लिफ्ट थांबायच्या आधी दम घेते. तुझी ही पायरी दमच घेत नाही. आली की निघाली. तुझ्या आत्यासारखी, दारातूनच परत.”

“खेळ नाही चुकत बाबा, तुमचा हात उशिरा येतोय.”

“माझा हात? छत्तीस वर्षांत एका दारात बोट सापडलं नाही माझं.”

“सापडलं होतं की,” आई आतून म्हणाली. “अंगठा. महिनाभर मी बटणं लावत होते शर्टाची.”

“तो अंगठा. मी बोटाचं बोलतोय.”

मी हसले. मला आठवतं, मी हसले, आणि हसतानाच घड्याळाकडे बघितलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मला आकडे द्यायचे होते. साठीच्या पुढची बारा माणसं, प्रत्येकी चार रविवार, असं आमच्या मास्तरांनी ठरवलं होतं. मास्तर म्हणजे आमचे प्रमुख. सगळ्यांच्या चुका लाल अक्षरात काढतात म्हणून हे नाव. अकरा माणसांचे चारही रविवार माझ्याकडे जमले होते. बाबांचा हा चौथा. माझं कामच हे होतं. खेळ सुरू होण्याआधी वीस ठोके वाजतात, डाव्या हाताचे दहा, उजव्याचे दहा, आणि घालणाऱ्याने ठोक्यासरशी तो तो हात हवेत मारायचा असतो. कान ऐकतो आणि हात निघतो यांच्यामधला वेळ यंत्र मोजतं, सेकंदाच्या हजाराव्या भागात, आणि त्या माणसाच्या पायऱ्या तेवढ्या मागे सरकवतं. याला आम्ही जुळवणी म्हणतो. चाळीस-पन्नास आकडा आला की माणूस धडधाकट. साठीच्या पुढे साठ-सत्तर. बाबांचे आधीचे तीन रविवार मला अजून पाठ आहेत. डावा बावन्न, एकोणपन्नास, पंचावन्न. उजवा चव्वेचाळीसच्या आसपास. निम्म्या वयाच्या माणसाला लाजवील असा हात होता त्यांचा.

म्हणून मी म्हटलं, जुळवणी पुन्हा करू या. घाईत मी गेल्या आठवड्याचीच लावली होती, ती बिघडली असेल. वीस ठोके वाजले. बाबा डास मारल्यासारखे हात हवेत मारत होते, तोंडाने ‘हं, हं’ करत. उजवा शेहेचाळीस. डावा दोनशे चौदा. मी मुठीतला सेल बदलला. पुन्हा वीस ठोके. डावा दोनशे एकवीस. मी मुठी अदलाबदल केल्या, डाव्यातली उजव्यात, उजव्यातली डाव्यात. उजवा पंचेचाळीस. डावा दोनशे नऊ. म्हणजे मुठीत काही नव्हतं. हे वाक्य मी तेव्हा मनात पूर्ण केलं नाही. ‘म्हणजे मुठीत काही नाही’ इथपर्यंत आले आणि पुढचा शब्द यायच्या आत मी बोलायला लागले.

“बाबा, लक्ष द्या ना जरा.”

“लक्ष आहे. डाव्याचं मन नाही आज.”

“मग डाव्याला सांगा, उद्या मला आकडे द्यायचेत.”

“ऐकलंस का रे?” बाबा आपल्या डाव्या हाताला म्हणाले, हेडसेट डोळ्यांवर असल्याने हात नव्हता त्या दिशेला मान वळवून. “बाईसाहेबांना आकडे द्यायचेत.”

मी दोनशे चौदाची पहिली जुळवणी त्यांच्या नावावर ठेवली, खेळ पुढे जावा म्हणून, आणि लॅपटॉपवरच्या तक्त्यात चौथ्या रविवारपुढे लिहिलं: ‘बाद. खेळाडूचं लक्ष नव्हतं.’ बाराही माणसांच्या सरासरीला असा एक आकडा नासवतो. दुधात मिठाचा खडा. असले आकडे काढून टाकायचे असतात, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकतो, आणि मी नव्याने आलेल्यांना शिकवतेही. तीनदा सारखा आलेला आकडा मात्र काढायचा नसतो, तो खरा असतो, हेही मीच शिकवते.

गंमत अशी की त्या जुळवणीनंतर बाबा चढले. अकरावी धरली. पंधरावी, विसावी. डावीकडच्या पायऱ्या आता त्यांच्या हातासाठी थांबत होत्या. ढोल वाजून गेल्यावर, ऐकणाऱ्याला चूक वाटेल इतक्या उशिरा दगड उगवायचा आणि नेमका त्यांच्या पंजाखाली यायचा. “आता बघ! आता मजला बरोबर आला,” ते ओरडले. कान झाकलेला माणूस ओरडतोच. “काय केलंस गं?” मी म्हटलं, काही नाही, जरा सैल केलं. तिसऱ्या मजल्याच्या एकोणतिसाव्या पायरीपर्यंत ते गेले. हेडसेट काढला तेव्हा कपाळावर त्याच्या कडेचा लाल वळ होता आणि चेहरा शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या पोरासारखा. आईने चहा आणला. कप त्यांनी उजव्या हातात घेतला. नेहमी उजव्याच हातात घ्यायचे की त्या दिवशीच, हे मी पाच महिने आठवते आहे. कधी मला डाव्या हातातला कप दिसतो, बशी उजव्या हातात. कधी दिसत नाही. जो माणूस रोज समोर बसून चहा प्यायला त्याचा कप कोणत्या हातात असायचा हे मला सांगता येत नाही, आणि अनोळखी अकरा म्हाताऱ्यांचे हात मला हजाराव्या भागापर्यंत ठाऊक आहेत.

सोमवारी सकाळी ते न्हाणीघरात पडले. यावेळी खरे. आईने हाक मारली ती माझ्या नावाने नाही, नुसतीच ‘ए’ अशी, आणि त्या ‘ए’वरूनच मला कळलं. मी धावले नाही. बाहेरच्या खोलीतून न्हाणीघरापर्यंतची आठ पावलं मी परक्याच्या घरात चालावं तशी चालले. बाबा भिंतीला टेकून बसलेले. तोंड एका बाजूला उतरलं होतं. उजव्या हाताने ते डावा हात उचलत होते आणि सोडत होते, उचलत होते आणि सोडत होते, एखादं बिघडलेलं दार तपासावं तसे. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. शब्द कळले नाहीत. सूर विनोदाचा होता.

दवाखान्याची लिफ्ट आम्हाला घेऊन वर निघाली तेव्हा दार इतक्या घाईने मिटलं की आईचा पदर त्यात अडकला. तो सोडवत ती म्हणाली, “हे यांचं काम नाही.” अशा वेळीही ती हे म्हणाली, आणि मला एकदम एक जुना दिवस आठवला. मी नऊ-दहा वर्षांची असेन. शाळेला सुट्टी होती म्हणून बाबा मला कामावर घेऊन गेले होते, एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत. तेलाचा वास, मोठं चाक, त्यावरून उतरणारे दोर. “कान लाव,” ते म्हणाले. दोराजवळच्या लोखंडाला मी कान लावला. खूप खाली कुणीतरी आत शिरलं, दार मिटलं, चाक गुणगुणलं. बाबा डोळे मिटून बोटं हलवत होते. मग खाली जाऊन त्यांनी दाराचा थांबायचा वेळ वाढवला. इमारतीचा मालक तक्रार करायला आला, लोकांचा वेळ जातो म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर काठी घेऊन चालणारी एक बाई राहत होती. बाबा म्हणाले, “साहेब, दारानं माणसासाठी थांबायचं असतं. माणसानं दारासाठी धावायचं नसतं.” मालक गेल्यावर मला डोळा मारून म्हणाले, “लय मोठा वाटलो का गं मी?” तेव्हा मोठे वाटले होते. पुढे मी जे काम धरलं ते याच कामाची पोर आहे हे मला फार उशिरा समजलं. पायरीनं किती वेळ थांबायचं हे मीही ठरवते. फक्त मी आकड्यांवरून ठरवते, त्यांनी काठीच्या आवाजावरून ठरवलं होतं.

डॉक्टर तरुण होते, हातात फळी आणि तिच्यावर कागद. “गेल्या एक-दोन दिवसांत काही जाणवलं का? हाताला जडपणा, वस्तू सुटणं, बोलताना अडखळणं?”

“काही नाही हो,” आई म्हणाली. “अगदी काही नाही. काल तर हिच्याबरोबर खेळत होते. उड्या मारत होते नुसते. विचारा हिला.”

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पेन कागदावर टेकलेलं होतं. किती वेळ गेला असेल? मला वेळ मोजता येतो, तोच माझा धंदा, तरी तो मोजलेला नाही.

“नाही,” मी म्हटलं.

पेनाने एक छोटी आडवी रेघ मारली आणि ते खालच्या ओळीवर गेलं.

बुधवारी दुपारी बाबा गेले.

त्यानंतर माणसं येत राहिली, आणि प्रत्येकाने तेच विचारलं, कारण विचारायला दुसरं काय असतं. आणि आई प्रत्येकाला तेच सांगत राहिली. “काही म्हणजे काही कळलं नाही. कसलं लक्षण नाही, काही नाही. आदल्या दिवशी हसत-खेळत होते.” सुरुवातीला हे सांगताना तिचा आवाज फुटायचा. हळूहळू ते वाक्य गुळगुळीत झालं, आणि मग तिचा आधार झालं. काका म्हणाले, “भाग्यवान माणूस. ना दुखणं ना खुपणं.” आई मान हलवायची. शेजारीण म्हणाली, “कळलं असतं तर जिवाला किती घोर लागला असता.” आई म्हणायची, “तेच तर.” एकदा ती मला भांडी पुसता पुसता म्हणाली, “मला एकच बरं वाटतं बघ. आपलं काही चुकलं नाही. कळलंच नाही तर करणार काय माणूस?” मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि जागेवर ठेवलं. जागेवर ठेवायला दोन पावलं जावं लागतं, तेवढं अंतर मला पुरलं. त्या दोन पावलांच्या आधाराने मी पाच महिने काढले. कुणी विषय काढला की मी काहीतरी जागेवर ठेवायला उठते. घर इतकं नीटनेटकं कधी नव्हतं.

मधे एकदा मी दुसऱ्याच एका डॉक्टरांकडे गेले, माझा घसा दाखवायला, आणि निघता निघता विचारलं, माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांचं असं झालं, आदल्या दिवशी एक हात थोडा मंद झाला होता, तेव्हाच नेलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, “सांगता येत नाही. पण कधी कधी तो इशारा असतो. तेव्हाच आणलं तर बरंच करता येतं.” मग चष्म्यावरून बघत म्हणाले, “मैत्रिणीला म्हणावं, याचा विचार करू नये. घरच्यांना हे कळण्यासारखं नसतं.” मी सांगते म्हटलं. गोळ्या घेतल्या. घसा खरंच दुखायला लागला होता.

हे सगळं असंच राहिलं असतं. माणसाला कशाचीही सवय होते, हाडात राहिलेल्या तुकड्याचीही. पण या मंगळवारी सकाळी मास्तरांचा निरोप आला: ‘तुझ्या घरचा संच उद्या घेऊन ये. नव्या चाचणीला कमी पडतोय. आधीचं सगळं पुसून आण म्हणजे झालं.’ त्यात वावगं काही नव्हतं. पाच महिने संच कपाटात वरच्या कप्प्यात होता, बाबांच्या मफलरखाली. मी तो चार्जिंगला लावला, दुपारी सोफा सरकवला, गालिचा गुंडाळला. पुसण्याआधी एकदा चालतो का ते बघायचं, इतकंच मनात होतं. हेडसेटच्या आतल्या कापडाला अजून वास होता. केसांच्या तेलाचा आणि थोडा यंत्राच्या तेलाचा. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तो त्यांच्या अंगाला होताच. मी श्वास आत घेतला आणि धरून ठेवला, जणू तो परत द्यायचा नव्हता.

जिना सुरू झाला. दुसरा मजला. डोळे मिटून चढते मी तो. दहा पायऱ्या गेल्या. अकरावीचा ढोल वाजला, माझा डावा हात नेमका गेला, आणि हाताखाली काही नव्हतं. पडले. पोटात खड्डा पडला, तो नेहमीच पडतो, त्यासाठीच तर लोक हा खेळ घेणार आहेत. पुन्हा. अकरावीला पुन्हा. मला राग आला. पाच महिने पडून मूठ बिघडली असणार. मी हेडसेट कपाळावर चढवला, ड्रॉवरमधून सेल काढला, डाव्या मुठीचं झाकण नखाने उघडलं, आणि सेल आत सरकवताना माझी बोटं थांबली. त्याच खोलीत, त्याच टेबलाशी, त्याच मुठीत मी हे केलं होतं. बोटांना ते माझ्याआधी आठवलं. मी हेडसेट पुन्हा खाली ओढला आणि वर कोपऱ्यात बघितलं. संच शेवटी ज्याने घातला त्याच्या नावाने आपोआप सुरू होतो. वर लिहिलं होतं: ‘बाबा. उजवा ४६. डावा २१४.’

तक्त्यातून मी तो आकडा काढला होता. हेडसेटने काढला नव्हता. त्याला कुणी बाद करायला शिकवलं नव्हतं.

एक बटण दाबलं की माझी जुळवणी आली असती. मी दाबलं नाही. मी बाबांच्या जिन्यावर उभी राहिले आणि डावा हात उशिरा न्यायला लागले. हे वाटतं तितकं सोपं नाही. उजवा हात सुरावर जातोच आहे, त्याला काही सांगावं लागत नाही. ढोल वाजतो, डावा निघायला बघतो, त्याला दंडाला धरल्यासारखं मागे ठेवायचं, आणि ठोका विरून गेल्यावर, सगळं संपलं असं वाटल्यावर सोडायचं. हाक ऐकू येणं आणि वळून बघणं यांच्यामधे जेवढी जागा असते तेवढीच ही जागा. मी सात वेळा पडले. आठ वेळा पडले. मग मोजायचं सोडलं. घाम डोळ्यांत उतरत होता आणि हेडसेटमुळे पुसता येत नव्हता. प्रत्येक वेळी हात मागे धरताना मला वाटायचं, बाबांनी हा धरला नव्हता. ते त्याला वेळेवर पाठवत होते. पाठवत होते आणि तो पोचत नव्हता, आणि त्यांना वाटत होतं पायरी चुकते आहे. माणसाला आपलाच हात उशिरा निघाल्याचं कळत नाही, जगच घाईत आहे असं वाटतं. कळण्याची सोय फक्त बाहेरून बघणाऱ्याला होती. आणि बाहेर मी होते, समोर लॅपटॉप, त्यावर तीनदा आलेला आकडा.

हळूहळू हात शिकला. पंधरावी, विसावी. तिसरा मजला. बाबा जिथवर गेले तिथवर जायचं आणि मग पुसायचं, असं कधीतरी ठरून गेलं होतं. पंचविसावी. छाती ढोलाच्या जोराने उडत होती. सत्ताविसावी, डावी. धरली. अठ्ठाविसावी. एकोणतिसाव्या पायरीवर डाव्या हाताने लोंबकळत मी वर बघितलं, तिसावी उजवीकडे उगवायच्या बेतात होती, आणि कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. मी किंचाळले आणि तळाला गेले.

“अगं, मी आहे,” आई म्हणाली. मी हेडसेटचे कान काढले. “खालची बाई येऊन गेली. विचारत होती, भिंत पाडताय का म्हणून.” मग माझ्या तोंडाकडे बघून, “एवढी रडलीस कशाला त्यात?”

“घाम आहे.”

“असेल.” तिने पदराने माझं कपाळ पुसलं, हेडसेटच्या वळावरून. “परत करणार आहेस ना हे? सकाळी फोनवर बोलत होतीस.”

“उद्या.”

ती थोडा वेळ हेडसेटकडे बघत राहिली. बाबा आणि मी खेळायचो तेव्हा ती म्हणायची, डोक्याला डबे बांधून बापलेक हवेत माशा मारतायत. कधी हात लावला नव्हता तिने. “मला दाखव,” ती म्हणाली. “यांनी शेवटचं काय बघितलं ते तरी बघू दे.”

“आई, चक्कर येईल तुला.”

“येऊ दे. तू आहेस ना धरायला.”

मी तिच्या अंबाड्याच्या वरून पट्टा बसवला, चष्म्यासकट. मुठी हातात दिल्या. माझं बोट जुळवणीच्या बटणापाशी गेलं. नव्या माणसाची आधी जुळवणी करायची, हे माझ्या हाताला इतकं अंगवळणी आहे. मी बोट मागे घेतलं. वरच्या कोपऱ्यातलं नाव वाचायला ती थांबली नाही, तिला ते दिसलंच नसावं. मी पहिला मजला लावला आणि लॅपटॉपसमोर बसले, त्याच खुर्चीवर.

आई कुठल्याच कामाला घाई करत नाही. हाक मारली तर हातातलं संपवून येते. ढोल वाजला, तो तिने ऐकून घेतला, विचार केला, आणि मग डावा हात पुढे केला. पायरी तिच्या हाताखाली आली. सूर लागला. तोही तिने ऐकून घेतला. उजवीकडची पायरी पहिल्या मजल्यावर जेवढी थांबते तेवढी थांबून गेली. आई पडली, “अगं बाई!” म्हणत गुडघ्यात वाकली. मी उठून धरलं. पुन्हा. डावी धरली, उजवी एकदा जमली, पुन्हा डावी धरली. चार पायऱ्या. सहा. ती हसायला लागली. पाच महिन्यांत मी ते हसणं ऐकलं नव्हतं.

“डावीकडची थांबते गं माझ्यासाठी!” कान झाकल्यामुळे ती गच्चीवरून बोलल्यासारखी ओरडत होती. “उजवीकडची मेली पळते. डावी कशी बघ, गरिबासारखी उभी राहते. किती समजूतदार आहे! यांनीच सांगितलं असेल ना तुला? दार जरा जास्त वेळ ठेव म्हणून?”

मी तिच्या समोर उभी होते, तिच्या पडणाऱ्या अंगाला धरायला हात पुढे करून. तिच्या चेहऱ्याचा फक्त खालचा अर्धा भाग दिसत होता. तोंड उघडं, हसरं.

“मला दिसलं होतं, आई,” मी म्हटलं.

ढोल वाजला. तिने डावी पायरी धरली. “सात!” ती ओरडली.

माझा आवाज खोलीत फिरून माझ्याकडेच आला. बोलून झालं होतं. तिच्या पुढ्यात, तिच्या तोंडावर, मोठ्याने. तिने ऐकलं नाही यात माझा काय दोष, असं म्हणता आलं असतं. उद्या संच पुसून देता आला असता, आणि आईने येणाऱ्या-जाणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगितली असती, पोरीच्या खेळात यांनी एक पायरी माणसासाठी थांबवून ठेवली आहे. ती गोष्ट चांगली होती. कपाटात जागेवर ठेवण्यासारखं मात्र आता माझ्या हातात काही नव्हतं.

मी लॅपटॉपवरचं बटण दाबून संगीत थांबवलं आणि तिच्या हेडसेटचा एक कान बाजूला केला. कान गरम झाला होता.

“काय गं? बंद का केलंस? सातवर होते ना मी.” डोळ्यांवर हेडसेट तसाच होता. तिचा डावा हात वर होता, जी पायरी मला दिसत नव्हती तिला धरलेला.

“आई, ती तुझ्यासाठी थांबत नाही. बाबांसाठी थांबते. त्या रविवारी त्यांचा डावा हात उशिरा येत होता. मी तीनदा मोजला, तिन्ही वेळा उशिरा आला. मला कळलं होतं आणि मी ते खोडलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. लक्षण होतं, आई. मला दिसलं होतं.”